बाबांच्या बावीस इंची सायकलची कुंडली, ओळंबा लावून

भाच्याने नवी रेसर सायकल घेतली. तिच्यासोबत आलेल्या कागदावर आकड्यांचं एक कोष्टक होतं. तो मला म्हणाला, "मामा, तुझ्या त्या जुन्या सायकलची जॉमेट्री काय आहे?" मी म्हटलं, "बावीस इंची." तो हसला. बुटाच्या दुकानात पायाचं माप विचारावं आणि गिऱ्हाईकाने आपली उंची सांगावी, तसं माझं उत्तर झालं होतं.

पण प्रश्न मनात राहिला. बाबांची ही काळी सायकल दोन्ही हात सोडले तरी नाकासमोर चालते. भाच्याच्या सायकलवर मी एक हात उचलून नाक खाजवलं, तर थेट दुभाजकाच्या दिशेने निघालो होतो. दोन चाकं, एक चेन आणि नळ्यांचा सांगाडा दोन्हीकडे आहे, मग फरक येतो कुठून? त्याचं बरंचसं उत्तर सांगाड्याच्या मापांत असतं. जुन्या सायकलींचं कोष्टक मिळत नाही, पण ते घरी तयार करता येतं. मला एक रविवार लागला. त्यातला अर्धा दिवस चुका दुरुस्त करण्यात गेला.

जॉमेट्री म्हणजे नेमकं काय?

सायकलवर तीन ठिकाणी हात ठेवून बघा: मागच्या चाकाचा मध्य, पुढच्या चाकाचा मध्य आणि पायडलची दांडी जिच्याभोवती फिरते तो मध्य. या शेवटच्याला आपण 'धुरी' म्हणू. हे तीन बिंदू एकमेकांपासून किती लांब आहेत, सीटखालची नळी किती कललेली आहे आणि हँडलखालची आखूड नळी, म्हणजे 'डोक्याची नळी', किती कललेली आहे, एवढीच जॉमेट्री. रंग, गंज, वजन यांचा इथे संबंध नाही. एकाच मापाच्या कापडातून दोन शिंपी दोन वेगळे सदरे शिवतात. अंगाला कसा बसेल ते बेतण्यावर ठरतं, तसंच हे.

1885 साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल आणली. दोन जवळजवळ सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन असा तिचा घाट होता. पुढे तो चौकटीच्या सांगाड्यापर्यंत स्थिरावला. आपल्याकडची काळी, दांड्यांच्या ब्रेकची सायकल याच विलायती घराण्यातली. लुधियाना, सोनीपत, मद्रास, आसनसोल अशा ठिकाणी ती लाखांनी बनली, पण बेत इंग्लंडचाच राहिला.

आधी सायकल सरळ उभी करा

माझी पहिली चूक म्हणजे मी सायकल घोड्यावर उभी केली. हा घोडा मागचं चाक उचलून धरतो, त्यामुळे सगळी सायकल पुढे झुकते आणि प्रत्येक कोन खोटा येतो. शेवटी हँडल गॅलरीच्या गजाला सुतळीने बांधलं आणि दोन्ही चाकं जमिनीवर टेकवली. चेनकव्हर उजवीकडे असतं, म्हणून मोजायची डावी बाजू मोकळी ठेवली.

दुसरी चूक जमिनीवर विश्वास ठेवण्याची. आपल्या गॅलऱ्यांना आणि न्हाण्यांना पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरली, एक टोक पुढच्या एक्सलशी, म्हणजे चाकाच्या मधल्या आसाशी, आणि दुसरं मागच्या एक्सलशी धरलं. पुढचा एक्सल 9 मिलिमीटर खाली निघाला. चाकांच्या मध्यांतल्या अंतरात 9 मिलिमीटर म्हणजे जवळपास अर्धा अंश. पुढच्या चाकाखाली घडी घालून वर्तमानपत्र सरकवलं, तेव्हा दोन्ही पाणी एका पातळीवर आलं.

दोन्ही एक्सलना जोडणारी रेघ हा आपला पाया. पुढे सगळं तिच्यावरून मोजायचं, फरशीवरून नाही. चाकांना टायर वेगवेगळ्या जाडीचे असतील किंवा एकात हवा कमी असेल, तर फरशी सपाट असूनही ही रेघ तिरकी असू शकते.

हत्यारं म्हणाल तर स्टीलची टेप, ओळंबा, पाण्याची नळी, सुतळी, खडू आणि पाच फुटी सरळ पट्टी. ओळंबा मी शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून तासाभरासाठी आणला. तो नसला तर दोऱ्याला जड नट बांधून भागतं.

बावीस इंच कशाचे?

इथे भलेभले फसतात. मुलांच्या सायकलीला आपण 'वीस इंची' म्हणतो, तेव्हा ते चाक असतं. मोठ्या काळ्या सायकलीला 'बावीस इंची' किंवा 'चोवीस इंची' म्हणतो, तेव्हा ती सीटखालच्या नळीची लांबी असते. चाक दोघींनाही 28 इंचीच. म्हणून चोवीस इंची सायकलवर लहानपणी पाय पुरत नसत आणि नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारावं लागे.

ही लांबी धुरीच्या मध्यापासून मोजतात, पण कुठपर्यंत याबद्दल दोन रीती आहेत. कुणी आडव्या दांडीच्या मध्यापर्यंत मोजतो, कुणी सीटनळीच्या वरच्या टोकापर्यंत. त्यात दोनेक सेंटिमीटरांचा फरक सहज पडतो. जुनी फ्रेम विकत घेणार असाल तर आधी हे विचारा. माझ्या सायकलीची सीटनळी मध्य ते मध्य 560 मिलिमीटर भरली, म्हणजे बावीस इंच. आडवी दांडी मध्य ते मध्य 570.

धुरीपासून मागच्या एक्सलपर्यंत 508 मिलिमीटर. हा आकडा मात्र कायमचा नसतो. मागचा एक्सल खाचेत मागेपुढे सरकतो. चेन ताणली की एक्सल मागे जातो, चेनचा इंचभर तुकडा काढला की तो साधारण अर्धा इंच पुढे येतो. म्हणून मोजताना खाचेत एक्सल कुठे होता तेही लिहून ठेवावं.

शेवटी एक्सल ते एक्सल सुतळी ताणली आणि धुरी तिच्या किती खाली आहे ते पाहिलं: 60 मिलिमीटर. चाकाचा मध्य जमिनीपासून 355 वर आहे, म्हणजे धुरी 295 वर.

कोन मोजायला कोनमापक लागत नाही

कंपासपेटीतला कोनमापक नळीला लावून बघितलात तर दोन अंश इकडेतिकडे होतील, आणि दोन अंश म्हणजे दुसरीच सायकल. त्यापेक्षा अंतर मोजणं सोपं. सीटनळीवर खडूने दोन खुणा करा, नळीच्या लांबीवर एकमेकींपासून बरोबर 500 मिलिमीटर. वरच्या खुणेवरून ओळंबा सोडा. तो शांत झाला की त्याच्या दोऱ्यापासून खालच्या खुणेपर्यंतचं आडवं अंतर मोजा.

हे अंतर 146 आलं तर कोन 73 अंश. 171 आलं तर 70. 195 आलं तर 67. 211 आलं तर 65. मधल्या आकड्यांसाठी मोबाइलच्या गणकयंत्रात अंतराला 500 ने भागा आणि उलटी कोसाइन काढा. माझं 195 आलं, म्हणजे 67 अंश. मोजताना एक मिलिमीटर चुकलं तर कोन अंशाचा आठवा भाग चुकतो, तेवढं चालतं.

डोक्याच्या नळीला हाच उपाय चालत नाही, कारण ती टीचभर असते. तिच्यावर 150 मिलिमीटरच्या खुणा केल्या, तर एका मिलिमीटरची चूक 0.4 अंशावर जाते. म्हणून नळीचीच लांबी वाढवायची. पाच फुटी पट्टी तिच्या डाव्या अंगाला समांतर बांधायची आणि कोन पट्टीवर मोजायचा. पण पट्टी खाली आणली की चिमट्याला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन काड्यांना, आणि एक्सलच्या नटला अडते. मध्ये काहीतरी सारख्या जाडीचं घालून ती बाहेर काढावी लागते. घरात हुबेहूब सारख्या दोन वस्तू शोधताना अंगाच्या साबणाच्या दोन कोऱ्या वड्या सापडल्या. त्या आडव्या कडेवर उभ्या धरून एक नळीच्या वरच्या टोकाला, एक खालच्या टोकाला ठेवली, त्यांच्यावर पट्टी, आणि सगळं जुन्या ट्यूबच्या रबराने आवळलं. बाजूने पाहिलं की पट्टीची कड नळीच्या मधोमध जाते ना, हे एक डोळा मिटून तपासायचं. मी चार वेळा बांधलं आणि सोडलं. आकडे 194, 197, 195, 195 असे आले. तेव्हा हाही कोन 67 अंशच धरला.

चिमट्याचा बाक आणि ट्रेल

हीच पट्टी आता खरं गुपित सांगते. चिमट्याच्या काड्या खाली पुढे वळलेल्या असतात. तो बाक शोभेचा वाटतो, पण त्यामुळे पुढचा एक्सल डोक्याच्या नळीच्या रेषेच्या पुढे जातो. पट्टीच्या कडेपासून एक्सलच्या मध्यापर्यंत काटकोनात मोजलं: 75 मिलिमीटर. हा झाला बाक.

आता पट्टीची कड जमिनीपर्यंत जिथे पोचते तिथे खडूने टिंब करा. एक्सलच्या मध्यातून ओळंबा सोडून चाक जिथे जमिनीला टेकतं तिथे दुसरं टिंब करा. चाक टेकतं ती जागा पट्टीच्या टिंबाच्या मागे असते. या दोन टिंबांमधल्या अंतराला 'ट्रेल' म्हणतात. माझं ट्रेल 71 मिलिमीटर आलं.

मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक आठवा. त्याचा खिळा एकीकडे आणि चाक मागे ओढल्यासारखं असतं. ट्रॉली ढकलली की चाक फिरून आपोआप खिळ्याच्या मागे येतं आणि मागेच राहतं. सायकलचं पुढचं चाकही तसंच हँडलच्या रेषेच्या मागे फरपटत चालतं. खड्ड्याने ते बाजूला वळलं, तर रस्ताच त्याला पुन्हा सरळ करतो. ट्रेल जास्त असेल तर हँडल जड आणि आज्ञाधारक, कमी असेल तर हलकं आणि चपळ.

पट्टीवर भरवसा नसेल तर हिशोबानेही ताळा करता येतो. आधी चाकाची खरी त्रिज्या काढा. टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करा, वजन देऊन बसा, कुणाला तरी सायकल पूर्ण एक फेरा पुढे ढकलायला सांगा. माझी सायकल 2230 मिलिमीटर पुढे गेली. त्याला 6.28 ने भागलं की 355. मग त्रिज्येला डोक्याच्या कोनाच्या कोसाइनने गुणा, त्यातून बाक वजा करा, उरलेल्याला त्या कोनाच्या साइनने भागा. उत्तर 69 आलं. पट्टीचं 71 आणि कागदाचं 69. साबणाच्या वड्यांवर उभं राहिलेलं माप एवढं जुळलं, याचा मला त्या दिवशी जरा जास्तच आनंद झाला.

माप बरोबर आहे हे कशावरून?

जमिनीची मोजणी करणारे शेताला फेरी मारून पहिल्या दगडापाशी परत येतात आणि आकडे जुळतात का ते बघतात. इथेही तसंच करता येतं. आडवी दांडी, सीटनळी, दोन्ही कोन, बाक, धुरीची खोली आणि मागचं अंतर हे सगळं आलेख कागदावर एकास पाच या प्रमाणात काढायचं. कुठेही ओढाताण न करता पुढचा एक्सल आपोआप एका जागी येतो. मग कागदावर दोन्ही एक्सलमधलं अंतर मोजायचं. माझ्या आकड्यांवरून ते 1130 मिलिमीटर निघालं. सायकलवर टेप लावून 1133 आलं. तीन मिलिमीटरचा फरक मी सोडून दिला. दहा-पंधराचा असता, तर एखादा कोन पुन्हा मोजला असता, आणि बहुधा डोक्याचाच.

फोटो काढून होत नाही का?

होतं, पण जपून. दोन मीटरवरून काढलेल्या फोटोत कडेची चाकं अंड्यासारखी दिसतात. सहा-सात मीटर लांब उभं राहायचं, कॅमेरा एक्सलच्या उंचीवर धरायचा आणि झूम करायचं. चाकाची फोटोतली उंची आणि रुंदी सारखी आहे का ते आधी बघायचं. जुनी सायकल दुसऱ्या गावी विकायला असेल आणि हातात फक्त फोटो असेल, तर त्यावरून अंशभराच्या फरकाने कोन कळतो. पण डोक्याचा कोन एका अंशाने चुकला की माझ्या सायकलीचं ट्रेल जवळजवळ 7 मिलिमीटर बदलतं.

मोबाइलमधलं कल मोजणारं ॲपही चालतं, मात्र फोन नुसता नळीवर ठेवू नये. त्याचं कव्हर आणि कॅमेऱ्याचा उंचवटा कोन बिघडवतात. कव्हर काढून फोन पट्टीच्या कडेला लावावा, मग उलटा करून पुन्हा लावावा आणि दोन्हींची सरासरी घ्यावी.

मग हात सोडून चालते ते ट्रेलमुळेच?

मलाही आधी तसंच वाटलं. भाच्याच्या सायकलचं कोष्टक काढलं: डोक्याचा कोन 73, बाक 45. बारीक टायर धरून ट्रेल 56. माझं सत्तर, त्याचं छप्पन, प्रश्न मिटला! मग मी माझ्या रोजच्या हायब्रिड सायकलीचा हिशोब केला. कोन 71, बाक 45, ट्रेल 70. म्हणजे बाबांच्या सायकलीइतकंच. पण हात सोडल्यावर ती बाबांच्या सायकलीसारखी मुळीच चालत नाही.

फरक दुसरीकडे होता. हायब्रिडच्या एक्सलमधलं अंतर 1050 आहे, बाबांच्या सायकलीचं 1133. आठ सेंटिमीटर लांब सायकल एस.टी.सारखी वळते, सावकाश आणि आधी सांगून. शिवाय 67 अंशांच्या सीटनळीमुळे बसणारा मागे जातो. त्या नळीवर सीट 10 सेंटिमीटर वर घेतलं की ते जवळजवळ 4 सेंटिमीटर मागे सरकतं, 73 अंशांवर 3 च्या आतच. सगळा भार बुडावर आणि मागच्या चाकावर पडतो. म्हणून त्या सायकलींना स्प्रिंगांचं रुंद सीट असायचं. खडबडीत रस्त्यावर हे सुखाचं, घाट चढताना मात्र छळ, कारण पाय खाली दाबण्याऐवजी पुढे ढकलावे लागतात.

शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न सहज सुटलेला नाही. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने न चालवता येणारी सायकल बनवायचा खटाटोप केला आणि 1970 मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढच्या चाकाला उलटं फिरणारं दुसरं चाक जोडून त्याने चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणाचा प्रभाव काढून टाकला, तरी ती सायकल चालवता आली. त्याने बोट ठेवलं पुढच्या चिमट्याच्या मापांवर. पण 2011 मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक विचित्र सायकल बनवली. तिच्यात ना भोवऱ्याचा गुण होता, ना ट्रेल. ते तर किंचित उलटंच होतं. ढकलली की तीही स्वार नसताना तोल सांभाळायची. पुढच्या आणि मागच्या भागात वजन कुठे आहे, यालाही तेवढंच महत्त्व निघालं. ट्रेल हा कुंडलीतला मोठा ग्रह आहे, पण एका ग्रहावरून लग्न ठरवू नये.

एवढं मोजून करायचं काय?

पहिला उपयोग टायर घेताना. दुकानात '28 इंची' मागितलं तर दोन वेगळ्या मापांचे टायर मिळू शकतात. जुन्या काळ्या सायकलीच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास 635 मिलिमीटर असतो, नव्या हायब्रिडचा 622. दोघांनाही 28 म्हणण्याची पद्धत आहे, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या अंगावर '40-635' असा जोडआकडा छापलेला असतो. त्यातला दुसरा आकडा वाचून घ्या.

दुसरा उपयोग चिमटा बदलताना. धडकेने चिमटा वाकला की तो मागे जातो आणि बाक कमी होतो. माझ्या सायकलीचा बाक 75 वरून 55 झाला, तर ट्रेल 69 वरून 91 वर जाईल आणि हँडल लोढण्यासारखं होईल. म्हणून दुसऱ्या सायकलीचा चिमटा बसवण्याआधी त्याचा बाक मोजलेला बरा.

आणि तिसरा उपयोग मला ध्यानीमनी नसताना झाला. मागचं चाक काढून मी एक जुनी परीक्षा घेतली. मागच्या डाव्या खाचेपासून सुतळी निघते, डोक्याच्या नळीला वळसा घालून उजव्या खाचेत परत येते. मग सुतळीपासून सीटनळीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचं. सांगाडा सरळ असेल तर ते सारखं यायला हवं. माझं डावीकडे 31 आलं, उजवीकडे 35. दोन-तीनदा केलं, तरी तेच.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, मिरजेत असताना बैलगाडीच्या चाकाला घासले होते की. चार दिवस ऑफिसात सांगत होते, पायऱ्यांवरून पडलो म्हणून." हे चार मिलिमीटर त्या बैलगाडीचे की कारखान्यातूनच आलेले, सुतळी ते सांगत नाही. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने नळी ताणून सरळ करून देतो म्हटलं. मी नको म्हणालो. गेली चाळीस वर्षं सायकल तशीच सरळ चालते आहे, आणि जुनं पोलाद ताणताना जोडापाशी तडकलं तर चार मिलिमीटर परवडले असते असं म्हणायची वेळ येईल.

संध्याकाळी गवंडी ओळंबा मागायला आला तेव्हा सायकल गजाला बांधलेली, चाक बाजूला आणि नळीवर साबणाच्या दोन वड्या. त्याने एकदा सायकलकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "धुवायला काढलीय का?"